मनोविकाराची चाहूल

अंगांत कसर वाटली कीं घरांतील कोणीहि थर्मामीटर काढतें. पारा किती अंशांवर गेला हें पाहिलें म्हणजे पुढचा विचार करतां येतो. मनाच्या आजाराला असें माप नाहीं. डॉक्टर विचारतात, ‘गेल्या पंधरवड्यांत झोंप कशी लागली? कामांत गोडी वाटते काय?’ आणि रोग्यानें आठवून सांगावयाचें. ज्याचें मन खिन्न त्याची आठवणहि खिन्नतेच्या रंगांत बुडालेली. शिवाय लोकलज्जा आड येते ती निराळीच.

हें माप शोधण्याची खटपट जुनी आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन (१८५६–१९२६) हे प्रत्येक रोग्याची स्वतंत्र पत्रिका ठेवीत आणि रोगाचा आरंभ, लक्षणें व पुढील क्रम तीवर नोंदवीत. हायडेलबर्ग येथील त्यांच्या प्रयोगशाळेंत लेखणीचा कागदावर पडणारा दाब मोजणारा एक तराजूहि होता. पुढें १९२४ मध्यें येना येथें हान्स बेर्गर यांनीं मनुष्याच्या मेंदूंतील विद्युल्लहरी प्रथमच टिपल्या व १९२९ मध्यें तें संशोधन प्रसिद्ध केलें. मनोव्यापारांचा उलगडा व्हावा ही त्यांची आशा; लाभ झाला तो मुख्यत्वें अपस्माराच्या निदानाला!

आज तराजूची जागा खिशांतील फोननें आणि मनगटावरील घड्याळानें घेतली आहे. अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत २०१३ सालीं प्राध्यापक अँड्र्यू कँपबेल व त्यांचे सहकारी यांनीं एक प्रयोग केला. ४८ विद्यार्थी आणि १० आठवड्यांचें एक सत्र. फोन बंद किती वेळ, खोलींत उजेड कधीं, हालचाल केव्हां थांबली, यांवरून झोंपेचा अंदाज काढला. ध्वनिग्राहकानें शब्द सांठविले नाहींत. संभाषण चाललें आहे कीं नाहीं व किती वेळ, एवढेंच ओळखलें. सत्राच्या आरंभीं मुलें उल्हसित होतीं, पुरेशी झोंपत, पुष्कळ बोलत. अभ्यासाचा भार वाढला तसतशी झोंप, गप्पा, हिंडणेंफिरणें हीं सारीं उतरणीस लागलीं. ज्यांची झोंप व बोलणें कमी, त्यांच्या उत्तरपत्रिकांत खिन्नतेचे गुण अधिक आढळले. जागरूक शिक्षकाला हजेरीपटावरूनहि यांतलें कांहीं कळतें, हें खरें. पण हजेरीपट रात्रीं तीन वाजतां उघडा नसतो.

लवकर कळण्याला मोल आहे, कारण आयुष्यांत जडणाऱ्या मनोविकारांपैकीं सुमारें निम्मे चौदाव्या वर्षापर्यंतच डोकें वर काढतात. उन्मादाच्या रोग्याला तर झोंप कमी होऊनहि थकवा वाटत नाहीं. उलट आपण पूर्वीं कधीं नव्हतों इतके बरे आहोंत अशी त्याची खात्री असते. अशाच्या स्वतःच्या सांगण्यावर विसंबून कसें चालेल? घड्याळाची नोंद तेथें खरी साक्ष देते.

तरी एक साधें गणित मांडून पाहावें. दहा हजार वस्तीच्या गांवांत शंभर माणसें विकारग्रस्त आहेत असें समजूं, आणि यंत्र शंभरांत नव्वद वेळां अचूक ठरतें असेंहि धरूं. शंभरांपैकीं नव्वद रोगी सांपडतील. पण उरलेल्या ९,९०० निरोगी माणसांपैकीं ९९० जणांवरहि तें बोट ठेवील. म्हणजे ज्यांना ‘रोगी’ म्हटलें त्या १,०८० जणांत खरा रोगी बारांत एक. उरलेल्या अकरांच्या नोकरीचें, लग्नाचें काय? हा प्रश्न गणिताच्या पुस्तकांत सुटणारा नव्हे.

म्हणून थोडक्या माणसांवरील यशानें हुरळून जाऊं नये. न्यूयॉर्क येथील संशोधकांनीं २०१५ मध्यें ३४ तरुणांच्या बोलण्याची सुसंगति संगणकाकडून तपासविली. हे सारे आधींच धोक्याच्या कक्षेंत गणलेले होते. अडीच वर्षांत ज्या पांचांना बुद्धिभ्रंश झाला, ते पांचहि संगणकानें अचूक निवडले. फळ विस्मयकारक खरें, पण पांच म्हणजे पांचच. फोनवर बोटें कशीं चालतात यावरून मनाची स्थिति ओळखूं पाहणारी माइंडस्ट्राँग ही अमेरिकन कंपनी तर २०२३ मध्यें बंदच पडली.

आपल्याकडे अडचण आणखी वेगळी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणींत बहुतेक मनोविकारांत शेंकडा ७० हून अधिक रोगी उपचारांवांचून राहिलेले आढळले. यंत्रानें इशारा दिला, पण पुढें डॉक्टर कोठें? आणि इशारा द्यावयाचा तरी कोणाला? वसतिगृहांत राहणाऱ्या मुलाच्या जागरणाची बातमी वडिलांना कळवावी, रेक्टरांना कळवावी, कीं प्रथम त्या मुलालाच? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें रोग्याची माहिती गुप्त राखण्याचा हक्क मान्य केला आहे. मुलाला न सांगतां त्याच्या फोनवर पाळत ठेवणारे वडील या हक्काचा क्वचितच विचार करतात, आणि मुलाला तें कळलें कीं तो फोन घरींच ठेवून बाहेर पडूं लागतो.

ज्या घरीं अशी शंका असेल तेथें त्या व्यक्तीच्या संमतीनें पंधरा दिवस एक वही ठेवावी: निजण्याची वेळ, उठण्याची वेळ, जेवण, बाहेर पडणें, कोणाशीं बोलणें. घड्याळाची नोंद मिळत असल्यास तीहि लिहावी, आणि डॉक्टरांकडे जातांना वही बरोबर न्यावी. जिवाचें बरेंवाईट करण्याचे बोल तोंडून निघाले तर मात्र वहीची वाट पाहूं नये. सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या ‘टेली-मानस’चा क्रमांक १४४१६ असा आहे, तेथें दिवसा वा रात्रीं केव्हांहि, आणि मराठींत, बोलतां येतें.