पहिल्या वाढदिवसाची पंगत

(रत्नागिरी येथे माता-पालकांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



ज्याने आयुष्यभर वृत्तपत्रात निवडणुका, पूर आणि अंदाजपत्रके यांवर लेखणी झिजवली, त्याला आपण 'बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचे नियोजन' हा विषय दिलात. संयोजक भगिनींचा निरोप आला तेव्हा मला थोडे हसू आले, हे प्रांजळपणे सांगतो. परंतु गेल्या वर्षी आमच्याच घरी नातवाचा पहिला वाढदिवस झाला आणि त्या आठवणीने ते हसू मावळले. आज जे बोलणार आहे ते उपदेश म्हणून नव्हे, तर एका आजोबाची कबुली म्हणून ऐकावे.

माझी मुलगी आणि जावई पुण्यात नोकरी करतात. वाढदिवस मात्र आजोळी, रत्नागिरीत करायचा असे ठरले. महिनाभर आधी मुलीचा दूरध्वनी आला, "बाबा, थीम ठरली. जंगल!" म्हणजे वातानुकूलित सभागृह, फुग्यांची कमान, पाहुण्यांना प्राण्यांचे मुखवटे आणि दाराशी अस्वलाच्या पोशाखातला माणूस. मी लगेच माझे ठेवणीतले वाक्य काढले, "आपण दिवा लावतो, ते मेणबत्त्या विझवतात." या वाक्याला सभेत टाळ्या पडतात, हा माझा अनुभव आहे. मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बरं बाबा, मेणबत्ती नको. मग त्याऐवजी काय, ते सांगा."

मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. 'नको' म्हणायला आपल्याला एक क्षण पुरतो. 'हे करू या' म्हणायचे तर आपलेच घर आधी नीट पाहावे लागते. ते पाहताना जे सापडले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम शब्दच पाहा. आपण 'जन्मदिवस' म्हणत नाही असे नाही. पण घरातला शब्द 'वाढदिवस' हाच. मूल वाढले, त्या वाढण्याचा हा दिवस. या दिवशीच्या परंपरागत विधीत अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृपाचार्य आणि परशुराम या सात चिरंजीवांचे आणि मार्कंडेयाचे स्मरण करतात. तीळ-गूळ घातलेले दूध प्राशन करतात. यांतील परशुराम तर आपले शेजारी. चिपळूणजवळच्या त्यांच्या मंदिरात आपण सारे गेलेले आहोत. अल्पायुषी म्हणून जन्मलेला आणि मृत्यूला परतवून लावणारा मार्कंडेय एक वर्षाच्या बाळासाठी का आठवायचा, हे मात्र आपण विसरलो आहोत.

त्याचे कारण आकड्यांत आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे २०० बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. आपल्या पणजीला किती मुले झाली असे विचारले तर घरातली वडीलधारी माणसे 'झालेली' आणि 'जगलेली' असे दोन आकडे सांगत. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली हे प्रमाण देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ इतके खाली आले. लसीकरण, रुग्णालयातील बाळंतपणे, स्वच्छ पाणी आणि घरोघर फिरणाऱ्या आशाताई यांचे हे पुण्य आहे. काजळाची तीट, दृष्ट काढणे, मार्कंडेयाची प्रार्थना यांमागे कोणती धास्ती उभी होती, ते यावरून ध्यानी येईल. पहिला वाढदिवस हा मुळात आनंदाच्या आधी कृतज्ञतेचा दिवस आहे. मूल जगले, आणि ते अनेक हातांनी जगवले!

आता 'थीम' या शब्दाकडे वळू. एकच कल्पना धरून रंग, वेश, खाऊ आणि खेळ ठरवायचे, एवढाच त्याचा अर्थ. मग आपले बोरन्हाण दुसरे काय आहे? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणत्याही दिवशी बाळाला काळे झबले घालतात, हलव्याचे मुकुट, हार, बाजूबंद चढवतात. डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, शेंगा ओततात आणि जमलेली चिल्लीपिल्ली तो खाऊ लुटतात. रंग ठरलेला, दागिने ठरलेले, खाऊ त्या ऋतूत शेतात पिकणारा आणि पाहुणे मुख्यतः मुलेच! यात कोणाचेही कर्ज होत नाही. जुन्या निबंधग्रंथांत अन्नप्राशनानंतर बाळापुढे पुस्तक, शस्त्र, वस्त्र अशा वस्तू मांडून ते कशाला प्रथम हात लावते हे पाहण्याची रीत सांगितली आहे. कोरियात आजही पहिल्या वाढदिवसाला बाळापुढे दोरा, लेखणी, पैसे मांडतात आणि त्या सोहळ्यासाठी सारा गोतावळा जमतो. तेव्हा संकल्पना घेऊन सण करणे परके नाही. ती बाजारातून विकत आणावी लागते, हा समज तेवढा नवा आहे.

तथापि एक गोष्ट आपल्या परंपरेलाही सांगितली पाहिजे. अख्खा शेंगदाणा किंवा हरभरा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. चार-पाच वर्षांखालील मुलांना तो देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ बजावतात. फुटलेल्या फुग्याच्या तुकड्याचेही तसेच. म्हणून बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावर चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ओता. बोरे-शेंगा मोठ्या मुलांच्या हाती द्या. फुग्यांची कमान टाळा. आठ-नऊ महिन्यांपासून पुढे बाळांना अनोळखी माणसांची भीती वाटते, हे त्यांच्या वाढीचेच लक्षण आहे. अशा बाळापुढे अस्वलाचा मुखवटा आणि ध्वनिवर्धकाचा गोंगाट आणला तर ते रडणारच. समारंभ त्याच्या झोपेची वेळ सांभाळून, दीड-दोन तासांत आणि ओळखीच्या चेहऱ्यांत उरकावा.

एवढे सारे मुलीला सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि तिनेच मार्ग काढला. "जंगल राहू दे बाबा, पण आपलं." सभागृह रद्द झाले. अंगणात झावळ्यांचा मांडव पडला, आंब्याचे टाळ बांधले. वाडीतल्या मुलांनी धनेश, खंड्या, मुंगूस आणि माकडे रंगवून खांबांवर लावली. सावंतवाडीची लाकडी फळे बाळापुढे मांडली. थर्मोकोलच्या ताटल्या-सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहेच. केळीच्या पानांनी ते काम सहज केले. केकही होता. मेणबत्ती आणायची कोणाला आठवणसुद्धा झाली नाही.

इथपर्यंतची कथा मी कोणत्याही व्यासपीठावर अभिमानाने सांगितली असती. कबुली पुढे आहे.

पाहुण्यांची यादी मी केली होती. आदल्या रात्री मुलीने ती वाचली आणि विचारले, "बाबा, मावशी कुठे आहेत यात?" मावशी म्हणजे बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई. ऐन पावसात खालच्या वाडीतून रोज पाखाडी चढून त्या आल्या. नातवाची मान त्यांच्या पायांवर धरली, त्याचे अंग त्यांच्या हातांनी घट्ट झाले. माझ्या यादीत बँकेतले परिचित होते, दोन नगरसेवक होते; मावशी नव्हत्या. आणि हाच मी, स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या रत्नागिरीतील कार्यावर दरवर्षी लेख लिहितो! १९२४ ते १९३७ या काळात याच नगरात स्थानबद्ध असताना त्यांनी सर्व जातींची सहभोजने घडवली, सर्व स्त्रियांची एकत्र हळदीकुंकवे भरवली. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी उभारलेले पतितपावन मंदिर सर्वांसाठी खुले झाले. त्या मंदिरावरून मी रोज जातो. माझ्या अंगणातल्या पंगतीत मात्र एक पान कमी मांडले गेले होते, ते मला दिसले नाही.

रात्रीच मुलगी स्वतः जाऊन आमंत्रण देऊन आली. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या त्या मांडवाच्या कडेला उभ्या राहिल्या. आजीचे, आईचे औक्षण झाले आणि मुलीने निरांजनाचे तबक मावशींपुढे धरले. त्या मागे सरल्या. "मला कसं चालेल? मी अशी," एवढेच बोलल्या. त्या विधवा आहेत. अंगण स्तब्ध झाले. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मी त्याचे स्वागत करणारे स्फुट लिहिले होते. पण त्या क्षणी मावशींनी माझ्याकडे पाहिले, आणि या घराचे मत काय, हे ठराव न वाचता सांगण्याची वेळ माझ्यावर आली.

मी म्हणालो, "ओवाळा मावशी. त्याला तुमचेच हात आधी कळतात." त्यांनी ओवाळले. तोवर फुरंगटून बसलेले बाळ त्यांना पाहताच हसले आणि निरांजनाकडे झेपावले. त्या दिवसाचे बाळाचे एकमेव हसरे छायाचित्र आमच्याकडे आहे, त्यात निरांजनामागे मावशींचा हात आहे.

भगिनींनो, जंगल घ्या, समुद्र घ्या, आंबा घ्या. संकल्पना कोणतीही निवडा. पण प्रथम एक कागद घेऊन बसा आणि वर्षभरात या बाळाला कोणाकोणाचे हात लागले, त्यांची नावे लिहा. लस टोचणारी परिचारिका, आशाताई, न्हाऊ घालणारी मावशी, रात्री-अपरात्री रिक्षा काढणारा शेजारी. यादी तिथून सुरू करा. बाळाला मोठेपणी यांतले काहीच आठवणार नाही. आपल्याला मात्र आठवेल, आणि त्याला वाढवायचे आपल्यालाच आहे.