गादी बदलली म्हणजे राज्य बदललं का?

(वाशी येथे मराठवाडा मुक्तिदिनाच्या सभेत एका गिरणी कामगाराने केलेले भाषण)



आम्ही काही भाषण करणारी माणसं नव्हेत. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढचं गिरणीनं आणि युनियननं शिकवलं. बोलण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. हिशेबात चुकलं तर मात्र भर सभेत टोका.

लोकशाही राज्य कोणतं, हुकुमाचं राज्य कोणतं, आणि एकाचं दुसरं होतं कसं, हा आजचा विषय. जाड जाड पुस्तकांत त्यावर पुष्कळ लिहिलेलं असेल. पण आपल्याला लांब जायचं कारणच नाही. आमच्या आज्यानं ह्याच मातीत सहा राज्यं पाहिली. 1948 पर्यंत निजामाचं, मग लष्करी गव्हर्नराचं, 1950 पासून दिल्लीनं नेमलेल्या मुख्यमंत्र्याचं, 1952 साली मतावर निवडलेलं, 1956 साली द्विभाषिक मुंबईचं आणि 1960 साली महाराष्ट्राचं. घर एक, चूल एक, आणि राज्यं सहा! तेव्हा ह्या विषयाची शाळा आपल्या घरातच भरली होती.

निजामाचं राज्य कसं होतं? मीर उस्मान अली खान 1911 साली गादीवर बसले. त्यांना कुणी निवडलं नव्हतं, आणि कुणाला काढताही येत नव्हतं. सर्फ-ए-खास म्हणून जी जमीन होती, तिचा सारा सरकारी खजिन्यात नाही, निजामाच्या खाजगी तिजोरीत जायचा. जहागीरदारांचा मुलूख आणखी वेगळा. 'गश्ती निशान 53' नावाचा हुकूम होता. परवानगीवाचून सभा भरवता येत नसे. आज आपण इथं बसलो आहोत तसं बसणं हाच गुन्हा! 1938 साली स्टेट काँग्रेस निघायच्या बेतात होती, तर मूल जन्मायच्या आधीच त्याच्यावर बंदी आली. त्या काँग्रेसचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ आपल्याच जिल्ह्यात हिपरग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवीत होते, आणि त्याही आधी ना. म. जोशींबरोबर कामगारांत काम करून आले होते. ही गोष्ट आम्हा गिरणीवाल्यांना अभिमानाची वाटते.

आता कागदाची गोष्ट ऐका. आमच्या आज्यानं एका सावकाराच्या ओट्यावर एका कागदाला अंगठा दिला. कागद उर्दूत. आजाला मराठीसुद्धा जेमतेम लागायची. वाचणाऱ्यानं सांगितलं, 'गहाणखत आहे.' चार वर्षांनी कळलं की ते खरेदीखत होतं. तीन एकर रान गेलं. आजा म्हणायचा, 'रान चोरानं नेलं असतं तर मागं पळालो असतो, कागदामागं कसा पळू?' उर्दू भाषेचा ह्यात काही दोष नाही, ती गोड भाषा आहे. दोष राज्याचा. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद ह्या पाच जिल्ह्यांत माणसं बोलायची मराठी आणि कचेरी बोलायची दुसरंच.

आजा बार्शीच्या बाजाराला जायचा तेव्हा वाटेत करोडगिरीचा नाका लागे. इकडं हाली सिक्का, तिकडं इंग्रजी कलदार. पण पलीकडं तरी स्वर्ग होता का? 1930 साली सोलापूरच्या गिरणी कामगारांनी शहर हलवलं, तर इंग्रजानं मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि किसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी फाशी दिली. म्हणजे नाका ओलांडला की सिक्का बदलायचा; जाब विचारायची सोय मात्र दोन्हीकडं नव्हती.

मग निजामाचं राज्य गेलं कसं? 13 सप्टेंबर 1948 ला फौजा आल्या, 17 ला निजामानं शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत खेळ खलास, असं पुष्कळजण सांगतात. आम्हाला हे पटत नाही. त्या पाच दिवसांच्या मागं दहा वर्षं आहेत. 1938 चा सत्याग्रह आहे, तुरुंग आहेत, सरहद्दीवरच्या छावण्या आहेत, तेलंगणातल्या शेतकऱ्यांचा लढा आहे. रझाकारांनी ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना ठार मारलं, कारण ते मुसलमान असून भारतात सामील व्हा असं लिहीत होते. भिंत आतून पोखरली होती म्हणून बाहेरच्या धक्क्यानं पडली.

आणि मुक्तिदिनाच्या सभेत सहसा कुणी बोलत नाही ते आम्ही बोलणार. फौजा आल्यानंतर ह्या भागात गरीब मुसलमानांवर जे झालं, ते आपण झाकून ठेवलं. पंडित सुंदरलाल यांची समिती चौकशीला आली होती. सबंध संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली असावीत, असा तिचा अंदाज होता. आणि सगळ्यात जास्त झळ लागलेले जिल्हे म्हणून तिनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड ही नावं लिहिली. तो अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला गेला. बंधूंनो, राज्य निजामाचं होतं; माग चालवणाऱ्या मोमिनाचं नव्हतं. त्याच्याही अंगठ्याखाली तसलेच कागद होते. राजा गेला, पण राजाचा राग शेजाऱ्यावर निघाला. जी मुक्ती झाकून सांगावी लागते ती अर्धीच म्हणायची.

गादी खाली झाली म्हणून लोकशाही दुसऱ्या दिवशी आली का? तर नाही. आधी लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी. 1949 साली जहागिऱ्या गेल्या. 1950 साली वेलोडी साहेब मुख्यमंत्री झाले, तेही नेमलेले. आणि राजप्रमुख कोण, तर खुद्द निजाम! 1956 पर्यंत ते त्या जागेवर होते. कुळकायदा 1950 साली आला. आणि पहिलं मत पडलं ते 1952 च्या निवडणुकीत. तेव्हा दर उमेदवाराची पेटी निराळी असे, तिच्यावर चिन्ह. आमची आजी सांगायची, 'पडद्याआड गेले, चिठ्ठी टाकली, आणि बाहेर येऊन मालकाला सांगितलं नाही कुणाला टाकली ते.' आमच्या मते आमच्या घरात राज्य बदललं ते त्या पडद्याआड.

पण कागद अजून बदलायचा होता. तो बदलला भाषावार राज्य झालं तेव्हा. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. हे फुकट झालं नाही. मुंबईत आणि इतरत्र 105 हुतात्मे पडले, आणि ते निजामाच्या नव्हे, निवडून आलेल्या सरकारच्या गोळ्यांनी! मग कुणी विचारील, दोघांत फरक तो काय राहिला? फरक असा, की गोळी दोन्ही राज्यं झाडतात, पण 1957 साली लोकांनी त्या गोळीचा जाब मतपेटीत विचारला. पश्चिम महाराष्ट्रात समितीचे उमेदवार धडाधड निवडून आले आणि तीन वर्षांत दिल्लीला मान तुकवावी लागली. ज्याला विचारता येतं ते लोकांचं राज्य. ज्याला विचारता येत नाही ते हुकुमाचं, मग त्याच्या टोपीचा रंग कोणता का असेना.

बिदर-भालकीकडची मराठी माणसंही त्याच निजामाखाली राबली. 1956 साली ती म्हैसूर राज्यात गेली आणि त्यांच्या हातात पुन्हा न वाचता येणारा कागद आला. महाराष्ट्रानं 2004 साली सुप्रीम कोर्टात दावा लावला तो अशाच गावांसाठी.

आणि मिळालेलं राज्य पुन्हा जाऊही शकतं. 25 जून 1975 ला आणीबाणी आली. त्यासाठी कुठली फौज सरहद्द ओलांडून आली नाही. संप बंद, सभा बंद, पुढारी तुरुंगात. आणि त्याच सप्टेंबरात कामगाराचा किमान बोनस 8.33 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आला. तोंड बांधलं की खिसा कापायला किती सोपं जातं ते बघा! मार्च 1977 मध्ये लोकांनी मत टाकलं आणि ते सरकार गेलं. बोनस परत 8.33 वर आला. जाताना राज्य चोरपावलानं गेलं होतं, येताना मतपेटीतून आलं.

शेवटी एक आमच्या अंगावरची गोष्ट सांगतो. आमच्या युनियनच्या कमिटीची निवडणूक दर दोन वर्षांनी घ्यायची असा नियम. एकदा मागण्यांचा वाद चालू होता म्हणून आम्ही ती पुढं ढकलली. पुढच्या खेपेला मालकाची माणसं घुसतील म्हणून ढकलली. अशी पाच वर्षं गेली. एका सभेत एक म्हातारा कामगार उभा राहिला आणि म्हणाला, 'पोरांनो, लोक अजून तयार नाहीत, असं निजामही म्हणत असंल.' सभा हसली. आम्हाला हसू आलं नाही. महिन्याभरात चिठ्ठी टाकून निवडणूक घेतली. आमच्यातले दोघे पडले, त्यांत आम्हीही होतो. युनियन मोडली नाही. उलट वर्गणी वाढली.

म्हणून वाशीकरांनो, आजच्या दिवशी झेंड्याला सलाम करा, पण घरी जाऊन एवढं करा. गावोगावच्या मंडळींनी ग्रामसभेला बसा आणि हिशेब वाचून मागा. बायकांना मागं बसवू नका. न वाचता सही करू नका, आणि शेजाऱ्याला न वाचता करू देऊ नका. आमच्या आज्याचं तीन एकर रान परत येणार नाही. पण त्याच्या नातवंडांनी कागद वाचायला मागितला, तर निजाम खरोखर गेला असं आम्ही म्हणू.

जय महाराष्ट्र! कामगार-शेतकरी एकजुटीचा विजय असो!