घरी राहून झालेली वारी



दिंडीला शंभर वर्षं झाली. चालकांनी आम्हाला सांगितलं, तुमच्या घरच्या तीन पिढ्या दिंडीत चालल्या, त्यावर दोन शब्द बोला. आम्ही चौथी शिकलेला माणूस. कीर्तनात बोलणं येतं, कारण ते संतांचं असतं. आज घरचं बोलायचंय, म्हणून जीभ जरा अडखळते.

पुस्तकासाठी वारकऱ्यांची यादी काढली. आजोबांचं नाव निघालं, वडिलांचं निघालं, आमचं निघालं. आमच्या आईचं नाव शोधलं, तर ते एकाच सालापुढं. बाई ऐंशी वर्षं जगली, तुळशीला पाणी घातल्याशिवाय कधी चहा घेतला नाही, आणि वारी एकच. असं का झालं ते सांगतो.

माउलींची पालखी आळंदीहून निघते ज्येष्ठ वद्य अष्टमीला. आपल्याकडं तेव्हा मृगाचा पाऊस झालेला असतो, रानात वाफसा आलेला असतो. वडील टाळ घेऊन आळंदीला जायचे आणि आई पाभर धरायची. पेरणी, म्हशीची धार, पाच लेकरं आणि अंथरुणावर सासू. ७२ सालच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. तिथली सुकडी आम्हा लेकरांना आणून द्यायची, पण एकादशी तिनं मोडली नाही.

पुढं टाळ आमच्या गळ्यात आला. पाभर मात्र तिच्याच हातात राहिली. आम्ही निघायच्या आदल्या रात्री ती कडक भाकरी भाजायची, शेंगदाण्याची चटणी कुटायची आणि म्हणायची, "माझा दंडवत सांग." तिला अक्षर येत नव्हतं. हरिपाठ तिनं ऐकून ऐकून, जात्यावर दळता दळता पाठ केला. तोच तिनं नातीला मांडीवर घेऊन शिकवला. आम्ही म्हणताना चुकलो, तर उंबऱ्यातून टोकायची.

एका साली तिनं विचारलं, "यंदा मी येऊ का रं?" आम्ही म्हणालो, "आई, पेरणी कोण बघणार?" ती काही बोलली नाही. पदर खोचला आणि भाकरी थापायला बसली. पुढं अकरा वर्षं तिनं विचारलं नाही. आणि मायबापहो, त्याच साली फलटणच्या मुक्कामी आम्ही पुंडलिकाची कथा लावली! ऐकणारे रडले, आम्हीबी रडलो.

अकराव्या साली घरात नातीला तीच कथा सांगत होतो. पोरगी आठ-नऊ वर्षांची. म्हणाली, "अप्पा, पुंडलिक आईबापापाशी घरीच होता ना? देवच त्याच्याकडं आला ना? मग तुम्ही आजीला टाकून कुठं जाता?" म्हातारी चुलीपाशी हसली. आम्हाला घास गिळेना.

पुढच्या ज्येष्ठात आम्ही घरी राहिलो आणि म्हातारी दिंडीत गेली. बरोबरच्या बायांनी नंतर सांगितलं, दिवे घाट चढताना ती कुठं टेकली नाही. मुक्कामाला आली की भेटेल त्याला विचारायची, "गावाकडं पाऊस हाय का?" एके ठिकाणी तिचा पितळी तांब्या हरवला. संध्याकाळी समाजआरतीला चोपदारांनी दंड उंचावला, सगळा तळ शांत झाला आणि हरवल्या-सापडल्यात तिचा तांब्या पुकारला. घरी आल्यावर दर्शनाआधी तिनं हेच सांगितलं. "एवढ्या लाखांत माझा तांब्या गावला रं. त्याला माझा पत्ता ठाऊक हाय." दर्शनाचं विचारलं तर म्हणाली, "रांग लई मोठी होती. कळस दिसला की, भागलं."

इकडं आमची काय गत झाली? म्हैस आम्हाला पान्हा सोडेना. वरून लाथ घातली. वेळेवर पेरलं, तर पावसानं ओढ दिली. एकादशीच्या दिवशी भरलेलं घर सोडून आम्ही एकटे गोठ्यात बसलो होतो. तेव्हा कळलं, आजवरच्या आमच्या वाऱ्या कुणाच्या जिवावर झाल्या.

२०२० साली पादुका एसटीनं पंढरीला गेल्या, पायी वारी झाली नाही. आम्ही कासावीस झालो. आई म्हणाली, "आता समद्यांना माझी वारी घडली." दुसऱ्या साली, कार्तिकात, ती गेली. उशाला तोच तांब्या होता.

चालकांना हात जोडून एक विनंती आहे. या पुस्तकात शेवटी एक पान कोरं ठेवा. ज्या बायांनी घर, गोठा आणि रान सांभाळून आपल्याला वाटेला लावलं, त्यांची नावं ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहावीत. आणि ज्यांची आई अजून आहे, त्यांनी तिनं विचारायची वाट बघू नये. यंदा तिला धाडा, पेरणी तुम्ही बघा. म्हशीची लाथ खाल्ली तरी चालेल.

चुकलं माकलं पोटात घाला. राम कृष्ण हरी.