विकत घेतलेली माया



जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेला जेरार्ड जॉन्स्टोन यांचा ‘मेगन’ हा चित्रपट हसवितो आणि भिववितोही. अपघातात आईवडील गमावलेल्या केडीला तिची मावशी जेम्मा स्वतः घडविलेली बुद्धिमान बाहुली देते. केडीच्या रक्षणाची आज्ञा शब्दशः पाळीत ती बाहुली खून करीत सुटते.

प्रेक्षक बाहुलीला भितात. मला भय वाटले ते निराळ्याच प्रसंगाचे. पोरक्या मुलीचे अश्रू बाहुली पुसते, आणि ते पाहून गहिवरलेल्या कंपनीच्या धुरीणांना त्यात विक्रीचा माल दिसतो!

हे सारेच काल्पनिक नव्हे. ‘माय फ्रेंड केयला’ या बोलक्या बाहुलीवर २०१७ साली जर्मनीने छुपे हेरयंत्र ठरवून बंदी घातली.

यंत्राशी आपले वैर नाही. प्रश्न आहे तो मालकीचा आणि सवडीचा. मालकाने घातलेली मुदत गाठण्यात जेम्माचा दिवस सरतो. भाचीच्या दुःखाला वेळ उरत नाही. शोकालाही जिथे सवड नाही, तिथे सांत्वन विकतच घ्यावे लागते. लेकराला जवळ घेण्याइतकी फुरसत हा श्रमिकाचा हक्क आहे, आणि तो मजुरीइतक्याच निकराने मागितला पाहिजे.