वर्गणीचे चित्रगृह



मी पदवीधर नाही. युनियनच्या कचेरीत जे हाती आले ते वाचले, आणि चाळीत जे पाहिले ते लक्षात ठेवले. तेवढ्याच भांडवलावर आज उघड्यावरच्या सिनेमाविषयी बोलणार आहे.

६ जून १९३३ रोजी अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेन शहराजवळ, रिचर्ड हॉलिंग्शेड या गृहस्थाने मोटारीत बसून पाहण्याचे पहिले चित्रगृह उघडले. मोटारींची पुढची चाके थोडी वर राहावीत म्हणून त्याने उतार बांधले. त्यामुळे मागच्याला पुढच्याच्या टपावरून पडदा दिसे. युक्ती नामी खरी, पण मोटार असणे ही तिची पहिली अट होती. मुंबईतही वांद्र्याला असे चित्रगृह होते. ते बंद पडले. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील एका मॉलच्या गच्चीवर २९० मोटारींची सोय असलेले नवे चित्रगृह सुरू झाले. आता ज्याच्यापाशी मोटार नाही, त्याने आकाशाखाली सिनेमा कुठे पाहावा?

या प्रश्नाचे उत्तर गिरगाव, परळ, लालबागच्या माणसाने फार पूर्वीच देऊन ठेवले होते.

गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला. ३ मे १९१३ रोजी त्याच गिरगावात, कोरोनेशन चित्रगृहात, फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. उत्सव आणि सिनेमा असे शेजारी नांदत होते. पण सिनेमाला गल्लीत आणले ते १६ मिलिमीटरच्या फिल्मने. मोठ्या चित्रगृहांतली जुनी ३५ मिलिमीटरची फिल्म चटकन पेट घेई, म्हणून तिला आगीपासून सुरक्षित अशी खोली लागे. १९२३ साली निघालेली ही छोटी फिल्म मात्र सहज न पेटणाऱ्या पदार्थाची होती. तिचे यंत्र टेबलावर ठेवून रस्त्यातही चालवता येई.

आमच्या लहानपणी गणपतीचे मंडळ घरोघर वर्गणी जमवी आणि यंत्र, चालक व रिळे भाड्याने आणी. गल्लीत बांबूंवर पांढरा कपडा ताणला जाई. संध्याकाळपासूनच पोरे गोणपाट आणि चटया टाकून जागा धरीत. कपडा पातळ असल्यामुळे चित्र दोन्ही बाजूंनी दिसे. मागे बसणाऱ्यांना नायक डावखुरा दिसे आणि अक्षरे उलटी दिसत. पण त्याची तक्रार कोणी केली नाही. बायका गॅलरीतून पाहत. दुसऱ्या पाळीचे कामगार मध्यरात्री गिरणीतून सुटून आले की उरलेल्या भागात सामील होत.

१६०० फुटांचे एक रीळ पाऊण तास चाले. यंत्र एकच असल्यामुळे रीळ बदलताना दिवे लागत. तेवढ्या वेळात कार्यकर्ते वर्गणीदारांची नावे वाचून दाखवीत आणि खर्चाचा हिशेब फळ्यावर लिहीत. तिकीट नव्हते, आणि म्हणूनच हिशेब सर्वांचा होता. चार आणे देणारा आणि चार रुपये देणारा एकाच चटईवर बसत. पुढे युनियनची सभासद-पुस्तके सांभाळताना मला जे उपयोगी पडले, ते मी प्रथम त्या फळ्यावर पाहिले होते.

हे चित्रगृह कोणी एकाने बंद पाडले नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन आले, आणि मागाहून व्हिडिओ आला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. ज्या घरातली चूल पेटण्याची भ्रांत, तिथे वर्गणी कोणाकडे मागायची? त्यानंतर गल्लीत मोटारी उभ्या राहू लागल्या. आज त्या गल्ल्यांतून फिरा. पडद्याची जागा मोटारींनी अडवलेली आढळेल. हॉलिंग्शेडच्या मोटारी निदान सिनेमासाठी तरी उभ्या राहत!

आता चाळी पडून टॉवर उभे राहत आहेत. बी. डी. डी. चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळते, ही मोठी गोष्ट आहे. नळासाठी रांगेत उभे राहून हातपाय मोडलेली आई ज्याने पाहिली आहे, तो या घराला नाक मुरडणार नाही. पण नकाशा समोर आला की आपण आपली खोली मोजतो, मोटारींचे मजले मोजतो. चारशे माणसे एकत्र बसतील एवढी मोकळी जमीन कुठे आहे, हे विचारायचे राहून जाते. घर वाढले आणि अंगण गेले, तर वर्गणी मागायला कोणाच्या दारी जायचे हेही आपल्या मुलांना कळणार नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुनर्विकासाच्या सभेत पटांगणाची मागणी लेखी द्या, आणि ते मोटारींना देता येणार नाही असे त्यात लिहून घ्या. आजचे यंत्र एका पिशवीत मावते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियमही रास्त आहे. सात वाजता सुरू केलेला सिनेमा दहाच्या आत संपतो. यंदाच्या गणपतीत एक रात्र वर्गणी काढून पाहा, आणि हिशेब फळ्यावर लिहा.