पंडिता रमाबाई आणि दुष्काळातल्या पोरी
(पाचोड येथे रमाबाईंच्या स्मृतिदिनी झालेले भाषण)



केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापिका पंडिता रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. जन्माने ब्राह्मणाची लेक, पुढे ख्रिस्ती झालेली. तिची आठवण शेतकऱ्याने, सुताराने, कोष्ट्याने का काढावी, असे काहींच्या मनात आले असेल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दुष्काळात आहे, आणि दुष्काळ म्हणजे काय हे पाचोडच्या माणसाला कोणी शिकवावयास नको. १९७२ साली खडी फोडलेले हात या सभेत बसले आहेत.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी आपल्या बायकोस संस्कृत शिकविले. एवढ्या अपराधापायी त्यांना उडुपीच्या शास्त्री मंडळींपुढे जाब द्यावा लागला! घाटातल्या गंगामूळच्या रानात ते बिऱ्हाड करून राहिले, आणि तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. आईने लेकीला विद्या दिली. पुढे घर कर्जाने बुडाले, आणि सारे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी पायी हिंडू लागले. त्यातच दुष्काळ आला. पुराणाखेरीज हाताला दुसरा धंदा नाही. अंगमेहनत करावी तर कुळाला कमीपणा. असे ते कुटुंब झाडपाला खाऊन उपाशी मरू लागले. हे मी टोचून बोलत नाही, बाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेविले आहे. बाप गेला, आई गेली, थोरली बहीण गेली. आईच्या तिरडीला पुरते खांदेकरी मिळेनात, तेव्हा पोरीने स्वतः तिरडी उचलली.

भाऊ श्रीनिवास याच्यासह ती १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. भाऊही वारला. मग १८८० मध्ये तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. तो सनातन्यांच्या लेखी शूद्र! दोन वर्षांच्या आत पटकीने तोही गेला, आणि तान्ही मनोरमा घेऊन बाई पुण्यास आल्या. त्याच १८८२ साली हंटर कमिशनपुढे उभे राहून त्यांनी सांगितले की, या देशात बायकांसाठी बायकाच डाक्तर पाहिजेत.

१८८३ साली त्यांनी विलायतेत बाप्तिस्मा घेतला. पुण्यात एकच हलकल्लोळ उडाला. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सारा'त रमाबाईंची बाजू घेतली. शास्त्रे वाचणारी बाई शास्त्र सोडून जाते, तेव्हा खोट बाईत शोधावी की शास्त्रात? जोतीरावांच्या मते झोंबणारा प्रश्न हा होता.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत काढलेले शारदा सदन हे मुख्यतः वरिष्ठ जातींच्या विधवांसाठी होते. आपल्या बहुतेक जातींत पाट लागत असे, केशवपन नव्हते. तेव्हा ते घर आपल्या पोरींसाठी नव्हतेच. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, हिच्याशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला. सदन पुण्यास आल्यावर मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात असा बोभाटा झाला. 'केसरी'ने रान उठविले, रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतले, पुष्कळांनी मुली घरी नेल्या.

शेतकऱ्या-कारागिरांच्या लेकींना दार उघडले ते १८९६-९७ च्या दुष्काळाने. मध्यप्रांतात माणसे किड्यामुंगीसारखी मरत होती आणि बेवारस पोरी दलालांच्या हाती पडत होत्या. बाई स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले १८९७ च्या मार्चात गेल्या. शहरात नव्या पोरींस ठेवणे अशक्य झाले, म्हणून केडगावच्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. तीच मुक्ती. पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरात-राजपुतान्यापासून आपल्या औरंगाबादेपर्यंत पसरला, तेव्हा मुक्तीतली वस्ती १९०० च्या घरात गेली. एवढ्या तोंडांना रोज भाकर! घरात आठ माणसे जेवू घालणाऱ्या मायमाउलीने याचा हिशेब करून पाहावा.

बाईंनी त्यांना नुसते पोसले नाही. विहिरी खणल्या, शेती केली, गुरे पाळली, माग बसविले, तेलघाणा घातला, छापखाना काढला. मुली नांगरट, विणकाम, शिवणकाम शिकल्या. ज्यांनी अक्षर पाहिले नव्हते त्या खिळे जुळवू लागल्या. आंधळ्या मुलींना मनोरमेने बोटांनी वाचावयास शिकविले. ज्या बाईचे आईबाप हाताला धंदा नाही म्हणून उपाशी गेले, तिनेच एकाही पोरीला धंद्याशिवाय राहू दिले नाही, हे मला तिच्या साऱ्या पदव्यांहून मोठे वाटते.

"पण तिने पोरी बाटविल्या ना?" असे कोणी विचारील. टाळत नाही. मुक्ती ही उघड ख्रिस्ती संस्था होती आणि तेथे वाढलेल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. नऊ वर्षांच्या उपाशी पोरीने धर्म समजून उमजून निवडला असे मी म्हणणार नाही. मात्र ज्या धर्मात ती जन्मली तोही तिने निवडला नव्हता, आणि त्या धर्माच्या वतीने कागद काळे करणारांपैकी किती जण तिला आणावयास मध्यप्रांतात गेले होते? जोतीरावांच्या सत्यशोधक मंडळींनी १८७७ च्या दुष्काळात धनकवडीस पोरांसाठी अन्नछत्र घातले होते. त्यांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकार होता. बाकीच्यांनी आधी ताट वाढावे, मग धर्म विचारावा.

आणि आपणही आपल्याला विचारू. पाऊस गेला, कर्ज चढले, की घरातून पहिली बाहेर पडते कोण? पोरगी. आजही ऊसतोडीला जाताना मागे वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवावी, म्हणून चौदाव्या-पंधराव्या वर्षी तिचे हात पिवळे करणारे आईबाप आहेत. त्यांना दुष्ट म्हणून भागत नाही. मुलीला ठेवावयास जागा नाही, हे त्यांचे दुखणे खरे आहे. केडगावात ती जागा होती. तालुक्या-तालुक्याला मुलींचे वसतिगृह मागा, आणि मिळाले तर ते रिकामे ठेवू नका.

आपला मुलूख १९४८ पर्यंत मोगलाईत होता. त्या मोगलाईतही, गुलबर्ग्यास, या मायलेकींनी १९१२ च्या सुमारास शाळा काढली. तीच मनोरमा १९२१ च्या जुलैत वारली. बाई तेव्हा मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत उतरवीत होत्या. अडाणी बाईला वाचून कळावे, संस्कृताचा बोजा नसावा, हा त्यांचा हट्ट होता. लेक गेल्यावरही मुद्रिते तपासणे थांबले नाही. नऊ महिन्यांनी त्याही गेल्या. पुस्तक १९२४ मध्ये बाहेर पडले. खिळे जुळविणे, छपाई, सारे मुक्तीतल्या बायकांच्या हातचे. संस्था केडगावास अजून चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ते ठाणे लागते. कामानिमित्त तिकडे जाणे झालेच तर लेकींना बरोबर न्या.