विवाहित स्त्रीचा धंदा



आपल्या वसईच्या ज्या स्त्रिया पहाटेच्या गाडीनें मुंबईस भाजी विकावयास जातात, त्यांना चूलपाणी आणि मुलांचे डबे उरकल्यावांचून टोपली उचलतां येत नाहीं. गाडी चुकली कीं भाजी उशिरा पोहोंचते व भाव उतरतो. हा तोटा कोणाच्याही हिशेबांत दिसत नाहीं.

मोठी अडचण भांडवलाची. घरांत आजारपण आलें कीं उद्यांच्या मालाचा पैसा औषधाला जातो. तो जावयासच हवा. परंतु परत कोण करतो? विवाहित स्त्रीनें, पतीनें नव्हे, स्वतः चालविलेल्या धंद्याची कमाई तिची स्वतंत्र मालमत्ता होय, असें १८७४ चा कायदा सांगतो. आपणां ख्रिस्ती लोकांस तो लागू आहे, हें किती यजमानांस ठाऊक असेल, देव जाणे!

१५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांत सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा धंदा आरंभिला. तेथें मळलेलें पीठ घरीं न्यावयाचें, सवडीनें लाटावयाचें, दुसरे दिवशीं पापड देऊन लाटण्याचे पैसे घ्यावयाचे. पीठ व मसाला संस्था खरेदी करते. म्हणून एखादीच्या घरीं संकट आलें तरी धंद्याचें भांडवल खर्चीं पडत नाहीं.

भाजीवाल्या भगिनींनीं पांचसहा जणींत मिळून मालाचा पैसा असाच वेगळा ठेवावा. यजमानांनीं त्यांतून घेतलेच, तर वहींत मांडावे आणि महिन्याभरांत फेडावे.